ओरिनबेकने जोडलेली शेगडी

१० नोव्हेंबर
नोकरीतला पहिला दौरा, आणि मी खूश! अणुचाचण्यांची जुनी जागा म्हणून अल्माटीत आई रडत होती. इथे नुसतं आकाश आणि पिवळं गवत. डेगेलेन डोंगराच्या पायथ्याशी चाळीस ठिकाणची माती पिशव्यांत भरली, प्रत्येकीवर चिठ्ठी लावली. कैरोल्ला आगा आमची गाडी चालवतात. मोजणीतलं जुनं खोड. म्हणाले, "काय गं झाउरे, माती भरतेस की लग्नाचं सामान बांधतेस?"
शेवटचं ठिकाण म्हाताऱ्या कुल्याश आपांचं हिवाळी घर. दोन खोल्या आणि रिकामा मेंढवाडा. नवरा ओरिनबेक सप्टेंबरात वारला. तो इथे एकटाच घर तयार करत होता. आपा मुलीकडे होत्या, दहा दिवसांपूर्वी परतल्या. फाटकापाशी किरणोत्सर्ग मोजला, आकडा साधाच. घरातलं उद्या, आधी चहा, असा आपांचा हुकूम.

११ नोव्हेंबर
हिमवादळ. वीस पावलांवरची गाडी दिसत नाही, डिझेल गोठलंय. आगांनी दारापासून गाडीपर्यंत दोर बांधला. फोन लागत नाही. कचेरीतले लोक रविवारपर्यंत तरी काळजी करणार नाहीत.
घर मात्र छान उबदार. शेगडी नवी आहे, ओरिनबेकने जाण्याआधी स्वतः जोडलेली. आपा येता-जाता तिच्याकडे बघून हसतात. आगांची पाठ धरली होती, ते शेगडीशेजारीच आडवे झाले ते उठेनात. आपांनी निखाऱ्यात नान भाजला, वर राख झटकून दिला. मी तीन तुकडे खाल्ले.

१२ नोव्हेंबर
बसून कंटाळा आला, म्हणून दोर धरून गाडीपर्यंत गेले आणि किरणोत्सर्गाचं मीटर घेऊन आले. उंबरठ्यातच ते किंचाळायला लागलं. वाटलं, गारठ्याने बिघडलं. दुसरं आणलं. तेही तसंच. शेगडीपाशी आकडे संपले.
आगांनी आपांना विचारलं, लोखंड कुठलं? डोंगरातलं, त्या म्हणाल्या. अणुचाचणीच्या बुजवलेल्या भुयाराचं तोंड उकरून ओरिनबेकने एक जाड नळकांडं आणलं, कापून शेगडी केली. मग दहा दिवसांत पोट बिघडून गेला. मासळी बाधली, असं आपा सांगतात.
राखेच्या बादलीपाशी मीटर धरलं. मग उरलेल्या नानपाशी.
पुढचं लिहवत नाही.

१३ नोव्हेंबर
शेगडी विझवून सगळ्यांनी दुसऱ्या खोलीत राहायचं ठरवलं. आपा तिच्यापुढे ठाण मांडून बसल्या. "माझ्या म्हाताऱ्याने केलेली वस्तू तुझी डबी ओरडते म्हणून विझवू? थंडीने माणूस एका रात्रीत मरतं, पोरी. तुझ्या डबीने किती दिवसांत मरतं, सांग बघू?"

मी आणि आगा दुसऱ्या खोलीत गेलो. तासाभरात पेल्यातलं पाणी गोठलं. परत आलो, भिंतीला चिकटून बसलो. आगा दोनदा ओकले. तोंड पुसून हसले. "मासळी तर मी खाल्ली नाही."

१४ नोव्हेंबर, रविवार
वादळ तसंच. कोण येणार अशात?
सकाळी आगा निघाले. तारेचे खांब धरून हमरस्ता, अकरा किलोमीटर. मी कोट धरून ठेवला. म्हणाले, "सोड गं. इथे बसून कशाची वाट बघू?" दारातून एकच खांब दिसत होता. ते त्याला टेकून थोडे थांबले. मग तेही दिसेनात, खांबही.

१५ नोव्हेंबर
आगा आले नाहीत. मदतीची गाडीही नाही.
आपांनी डोक्याचा रुमाल सोडला, त्यात केसांचा झुबका. माझ्यापासून लपवला.
मी चिमट्याने सगळे निखारे बाहेर ओढले, बर्फात टाकले. मग आपांना धरून दुसऱ्या खोलीत नेलं.

१६ नोव्हेंबर, दुपार बहुतेक
भिंती आतून पांढऱ्या. आपांना माझ्या कोटात घेतलंय. ओठ निळे. दोघींवर सगळी पांघरुणं, तरी—
मी यांना वाचवतेय की—
आपा आता कुडकुडत नाहीत. ते वाईट असतं. कुडकुडणं थांबलं की—
त्यांना परत शेगडीपाशी आणलं. काडी मीच ओढली.

तारीख—
मीटर बंद पडलं. बॅटरी. किती शांत वाटतंय.
आपांनी डोळे उघडले. सरकून जागा करतायत. "ये, पोरी. पाठ शेक."
नको म्हटलं. मग म्हटलं, बोटं मोकळी होईपर्यंतच. पेन धरता यायला हवं, कुणीतरी हे वाचायला—
किती बरं वाटतंय. आई, किती—