जुईचं औषध आणि अण्णांचा खोकला

मंगळवार, संध्याकाळ

जुईच्या घशातल्या जंतूंसाठी डॉक्टरांनी दिलेलं ते गुलाबी अँटिबायोटिक इतक्या भराभर कसं संपतंय, हेच कळत नव्हतं. माझं माप चुकतंय का? की पोरगी औषध तोंडात धरून मोरीत थुंकतेय? तिला उगाच ओरडलेसुद्धा.

आज बाजारातून आले, तर सासरे फ्रिज उघडून उभे. मिशी गुलाबी!

"अण्णा, काय प्यायलात?"

"खोकला आहे गो मला. पोरीचा ताप उतरलाय. मग उरलेलं वाया कशाला घालवायचं? चवीला बरं आहे."

उरलेलं म्हणे! ताप उतरला तरी डोस पुरा करायचा, असं डॉक्टरांनी अण्णांसमोरच बजावलं होतं. मी चिडून काही बोलणार, तेवढ्यात जुईने विचारलं, "आजोबा, बाटली न हलवताच प्यायलात?" त्या मिशीकडे बघून मला हसूच आवरेना.

जुईच्या रात्रीच्या डोसापुरतंही औषध उरलं नव्हतं. अण्णांना घेऊन तशीच डॉक्टरांकडे गेले. जुईसाठी नवी बाटली लिहून घेतली. अण्णांना तपासून डॉक्टर म्हणाले, "साधी सर्दी आहे. तिच्यावर हे औषध चालतच नाही. मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या करा."

घराशी रिक्षातून उतरताना अण्णा म्हणाले, "डॉक्टर नवीन दिसतोय."

पण गुळण्या चालू आहेत. आत्ताच शेजारच्या वहिनींनी कुंपणाच्या गडग्यावरून विचारलं, "पंप बिघडला काय गो तुमचा?"