मिठागरावरचा गुलाब

प्रिय धनेश,

तुझ्या समाज मंडळाच्या लग्नगाण्यांच्या पुस्तिकेची कच्ची प्रत मिळाली. तुझ्या पूजाच्या लग्नात ती प्रत्येक पाहुण्याच्या हातात जाणार, म्हणून दोनदा वाचली. आपल्या लग्नांत धवलारीण गाते ते धवले मी कासू गावी आपल्या धवलारणीजवळ, पुतळी आत्याजवळ बसून उतरवले आणि विश्वासाने तुझ्याकडे दिले. त्यांचं काय केलंस रे! नवरी मिठागराच्या बांधावर वाढलेली, ती आता गुलाबांच्या बागेत वाढते. वरमाय ओटीत सुके बोंबील लपवते, तिथे तू श्रीफळ घातलंस. श्रीफळ कुणी लपवतं का?

आत्याला वाचून दाखवलं. पदर तोंडाला लावून हसली. म्हणाली, "मिठागरावर गुलाब कुठला गो सरू? आन या लग्नात कोन हसत नाय, मयत हाय काय?" मग थोड्या वेळाने विचारलं, "धनेशला आपली लाज वाटते काय गो?"

तुझं म्हणणं मी विसरले नाही. "ताई, कंपनीत आगरी म्हटलं की लोक नाक धरतात. आता ठाण्याच्या व्याह्यांसमोर पण तेच?" ते हसणं मीही कॉलेजात सोसलंय. आणि साफसफाई मीसुद्धा केली. रेकॉर्डिंग करताना आत्या खोकली की पुन्हा म्हणायला लावायचे, मध्येच सूर धरणाऱ्या बायकांना गप्प करायचे. आत्या दर वेळी थोडं वेगळं म्हणते. त्यातलं मूळ कुठलं, हे मला आजही सांगता येणार नाही. पण एकातही गुलाब नाही. नाक धरणाऱ्यांसाठी मी आपली गाणी अत्तराने धुऊ देणार नाही. पुस्तिकेवरचं माझं नाव काढ. छापून झालं असेल तर प्रत्येक प्रतीवर खोड, बसून.

आता ज्यासाठी लिहायला घेतलं ते. परवा पूजाचा फोन आला. तू डीजे ठरवलास आणि धवलारीण नको म्हणालास, हे तिच्याकडून कळलं. म्हणाली, "आत्या, माझी हळद धवलारणीबिगर लागायची नाय. पप्पांना काय सांगायचं ते तू सांग." म्हणून सांगते. हळदीला पुतळी आत्याला घेऊन मी रोह्याला तुझ्या घरी येतेय. तुझी परवानगी मागत नाही. नवरीच्या बापाची थट्टा करायच्या गाण्यात त्याचं नाव घ्यावं लागतं, पुतळी आत्याने तुझं आताच बसवून ठेवलंय. व्याह्यांच्या शेजारची खुर्ची धर आणि पूर्ण ऐक.

तुझीच, हट्टी,
सरूताई
पेण