चौदा नंबरचा पत्रा

प्रिय चिमणे,

तुझं पार्सल मंगळवारी पोचलं. संस्थेचा वार्षिक अहवाल आणि तुझा निबंध, दोन्ही आलं. अहवालाला जुन्या कॅलेंडरच्या पानाचं कव्हर घातलंय. यंदा संस्थेतून दोनशे बारा शोधनिबंध आणि सतरा पेटंटं, असं पहिल्याच पानावर ठळक छापलंय. त्यात तुझा सत्त्याऐंशीवा. शेजारच्या मास्तरीणबाई म्हणाल्या, लेकीचं नाव छापून आलं, तोंड गोड करा की. मी त्यांच्या हातावर चिमूटभर साखर ठेवली. म्हणाल्या, बाई गं, काटकसरीलाही काही सीमा! मी हसले असेन बहुतेक.

फोनवर तू दर वेळी विचारतेस, आई, रडलीस का. नाही रडले. तुझे बाबा जाऊन चार महिने झाले. सकाळी उठते, देवापुढे बसते. जप करताना कितवा मणी ते मधेच कळेनासं होतं, मग परत पहिल्यापासून. चहा अजून दोन कप टाकला जातो. दुसरा गार झाला की तोच गरम करून पिते, वाया कशाला घालवायचा. परवा हातातून पातेलं पडलं, केवढा आवाज झाला, पण दचकायलासुद्धा झालं नाही. वाईट वाटतंय असंही नाही. काही वाटतच नाही.

तुझा निबंध मी वाचला. मॅट्रिकचं इंग्रजी कितीसं पुरणार, पण आकडे सगळ्या भाषांत सारखेच. शेवटी बाबांचे आभार मानलेस, ते नाव बोट ठेवून वाचलं. मग तो आलेख पाहिला, चौदा नंबरच्या पत्र्याचा. साठ पत्र्यांत तोच एक टिकला, म्हणून त्याचा रंग सगळ्यांत चांगला, असंच ना?

तू लहान होतीस तेव्हापासून बाबा महिन्याच्या पहिल्या तारखेला संस्थेच्या गच्चीवर चढायचे. वेगवेगळे रंग दिलेले पत्रे तिथे उन्हापावसात मांडलेले असायचे. शंभर चौकोन आखलेली काच पत्र्यावर ठेवायची आणि किती चौकोनांत गंज दिसतो ते मोजायचं, एवढंच काम. पण डोळ्यांत तेल घालून करायचे. संस्थेत सगळे त्यांना गंजोबा म्हणायचे. साहेबसुद्धा विचारायचे, काय गंजोबा, पाहुणा काय म्हणतोय? हे म्हणायचे, गंज पाहुणा कसला साहेब, घरजावई आहे, एकदा आला की हलत नाही. संध्याकाळी चिठ्ठीवरचे आकडे ते सांगायचे आणि मी संस्थेच्या वहीत उतरवायची, माझं अक्षर बरं म्हणून. दुसऱ्या दिवशी त्यांच्या शर्टाच्या बाह्या धुवायच्या, हेही माझंच काम. कोपरापर्यंत गंजाचे डाग. लिंबू आणि मीठ चोळून उन्हात टाकले की जायचे.

तू कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतीस त्या साली बाह्या स्वच्छ यायला लागल्या. पहिल्या महिन्यात वाटलं, जपून काम केलं असेल. दुसऱ्या महिन्यातही डाग नाही. धुणं कमी झालं म्हणून बायको भांडत नाही. तिसऱ्या महिन्यात चौदा नंबरला त्यांनी सात सांगितले. वहीत आधीच्या महिन्याचे नऊ होते. मी म्हटलं, अहो, जावई दोन पावलं मागे गेला वाटतं. ते हसले नाहीत. बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, मला चौकोन दिसत नाहीत गं. जिनाही दिसत नाही. चिठ्ठी मी खालीच बसून करतो.

निवृत्तीला नऊ महिने उरले होते. डोळ्यांचं कळवलं असतं तर तपासणी होऊन लगेच घरी बसवलं असतं. म्हणाले, तूच लिही काय ते. खाडाखोड करावी लागली नाही. सात अजून लिहिलेच नव्हते. सरळ नऊ लिहिले.

पुढचे सगळे महिने मीच लिहिले. घरखर्चाच्या वहीत मी कधी एक आकडा ओढूनताणून बसवला नाही, म्हणूनच खरा आकडा कसा दिसतो ते मला ठाऊक होतं. दोन महिने तोच, मग एकाने वर. कधी तीन महिने तोच. लिहिण्याआधी वहीला हात लावून नमस्कार करायची, सवयीने. ते आता आठवलं की स्वतःची किळस यायला हवी. तीही येत नाही.

त्यांच्यानंतर आलेल्या निरीक्षकांनी पहिल्याच महिन्यात चौदा नंबरला पंचवीस चौकोन मोजले. माझ्या वहीत बारा होते. आम्ही तोवर गावी राहायला आलो होतो आणि तू संस्थेत लागली होतीस; फोनवर हसत सांगितलंस, आई, त्या काकांची नजर फारच कडक होती, त्यांनाच डोळे तपासायला पाठवलं, आणि त्यांच्या प्रत्येक आकड्यातून आम्ही तेरा वजा केले; बाबांची नजर प्रमाण मानली. तेव्हा बाबा माझ्या शेजारीच बसले होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, पोरीला सांगून टाकू या. मी म्हटलं, तिचं काम पुरं होऊ दे, मग बघू. त्यांनी आणखी दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा मीच गप्प केलं. मग ते गेले.

कालच्या फोनवर म्हणालीस, पुढच्या महिन्यात बैठक आहे, सगळ्या पाण्याच्या टाक्यांच्या लोखंडी पायांना हाच रंग द्यायचं ठरणार. आपल्या कोपऱ्यावरच्या टाकीखाली भाजीवाली बसते, तिच्याकडून मी रोज भाजी घेते. म्हणून लिहिते आहे. संस्थेतली ती वही काढ. ज्या अकरा महिन्यांच्या तारखेशेजारी पेन्सिलचं बारीक टिंब दिसेल, ते आकडे कुणीच मोजलेले नाहीत. पहिले दोन बाबांनी अंदाजाने सांगितलेले, बाकीचे माझे. टिंबं तेव्हाच दिली होती, कशासाठी ते मलाही सांगता आलं नसतं. निबंध मागे घ्यावा लागेल, दोनशे बारातला एक कमी होईल, तुला चार लोकांत मान खाली घालावी लागेल, हे सगळं कळतंय मला. कारण लिहायची वेळ आली तर माझं नाव लिही, पूर्ण लिही. त्या काकांनाही सांग, त्यांची नजर बरोबर होती. पण आधी एकदा तू स्वतः गच्चीवर जा. पत्रे अजून तिथेच आहेत म्हणालीस ना, मग ती काच ठेव आणि मोज. बाहीला डाग पडतील. लिंबू-मीठ लगेच लाव, वाळू देऊ नकोस.

तुझीच,
आई