फोनची वाट

दहेज, १४ जुलै

प्रिय शंतनुदादा,

तुला आणि आईच्या फोटोला नमस्कार. मी नीट पोचले, वेळेवर जेवते.

इथे कारखान्याचं काम पंधरा दिवस अडलं होतं. आज सगळ्यांना एकत्र बसवलं, तर फोरमन म्हणाला, “मॅडम, हम पाइपवालों की राह देख रहे थे, और वो हमारी!” सगळे हसले. मला हसता आलं नाही.

ऑपरेशनची तारीख ठरवायला तू माझ्या फोनची वाट पाहिलीस, मी तुझ्या. त्यात तीन आठवडे गेले, आणि आई गेली. दादा, अर्धा दोष माझा आहे.

वहिनी म्हणाली, बाड्याच्या चौकातलं तुझं दुकान अजून बंदच आहे. उघड ना रे.

रोज सकाळी फोन करीन. तूही कर. लाइन बिझी लागली, तर तूच लावतो आहेस असं समजेन.

तुझी,
निवू