शिशाच्या भट्टीचा धूर

आबा, माझ्या कामाबद्दल तुम्हाला काही सांगायचं राहूनच गेलं, कारण ते मला मिळालं तेव्हा तुम्ही नव्हतात. कुणी विचारलं की आई सांगते, "ती हवेचं बघते." सापगावात तेवढ्यावर सगळ्यांचं समाधान होतं. खरं म्हणजे मी बघते ते हवेत मिसळलेलं विष. अरबी समुद्राच्या भोवतीचे देश, किनाऱ्यामागचे जिल्हे, त्यांतून धुरावाटे किती शिसं, किती पारा, किती कॅडमियम वर जातं, ते वर्षागणिक वाढतंय की कमी होतंय आणि त्यातलं किती शेवटी समुद्रात पडतं, हे आम्ही काहीजण एका ऑफिसात बसून काढतो. प्रत्येक चिमणीपाशी जाऊन तर उभं राहता येत नाही. म्हणून कोळसा किती जळला, कचरा किती जळला, तेल किती खपलं ते घ्यायचं, आणि एवढं जळलं की एवढं विष सुटतं अशा हिशोबाने गुणायचं. भात उभं असतानाच तुम्ही बांधावरून नजर टाकून किती खंडी होईल ते सांगायचात ना, तसंच. आमचं शेत फक्त फार मोठं आहे.

मला या कामाचं कुतूहल अजून संपलेलं नाही. आलेखातली पाऱ्याची रेघ बघितली तर कोळशावरची वीज वाढली तशी ती चढत गेलेली दिसते. शिशाची रेघ वेगळी. गाड्यांच्या पेट्रोलमधून शिसं काढून टाकलं तेव्हा ती कसारा घाट उतरावा तशी खाली आली, पण पायथ्याला पोचत नाही, मधेच अडून राहते. हे उरलेलं शिसं येतं कुठून? एकदा यावर बोलणं चाललं होतं, तेव्हा आमच्या मॅडम म्हणाल्या, "बॅटऱ्या. जुन्या बॅटऱ्या जेवढ्या निघतात तेवढ्या परवान्याच्या कारखान्यांत पोचतच नाहीत. मधल्या मधे कुठेतरी वितळतात." शेजारी बसणारा सहकारी हसला, "अशा भट्ट्या असून असून असणार किती?" मी म्हटलं, "एक मला माहीत आहे." सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मुरबाड रोडला, भाताच्या गिरणीमागे, पत्र्याची ती शेड. भाताची झोडणी उरकली की उन्हाळ्यात राब भाजायच्या दिवसांपर्यंत तुम्ही तिथे कामाला जायचात. मी चौथीत असेन. त्या दिवशी आईला ताप आहे म्हणून डबा घेऊन मी आलेय. कुणीतरी कुऱ्हाडीने बॅटऱ्या फोडतंय, त्यांतलं आंबूस पाणी जमिनीत मुरतंय, आणि तुम्ही खड्ड्यातल्या भट्टीपाशी, तोंडाला टॉवेल बांधून, लांब दांड्याच्या झाऱ्याने वरची राख बाजूला सारताय. राख सरली की खाली चांदीसारखं काहीतरी हलतं. इतकं सुंदर मी आजवर काही पाहिलेलं नाही. मी पुढे होते आणि जमिनीवर सांडून थिजलेला एक थेंब उचलते. आणि घरात कधी आवाज न चढवणारे तुम्ही ओरडता, "टाक तो! टाक बोलतोय ना! हितं यायाचं नाय परत, समजलं का गो?" दंडाला धरून तुम्ही मला हापशावर नेता आणि मातीने घासघासून हात धुवायला लावता. मी रडत घरी गेले. संध्याकाळी तुम्ही आलात आणि खिशातून रुमालाची पुरचुंडी काढलीत. आत गुळाचा खडा. मला वाटलं, ओरडलात म्हणून असेल. पण दुसऱ्या दिवशीही खडा आला, तिसऱ्या दिवशीही. शेडचा मालक कामगारांना रोज गूळ देतो हे मला ठाऊक होतं. गूळ खाल्ला की धूर आत बसत नाही, असं तिथे सगळे मानायचे. घरी न्यायला एखादा खडा जास्तीचा मिळत असणार, असं मी धरून चालले. त्या गुळाला भट्टीचा वास यायचा, आणि खरं सांगते, मला तो आवडायचा.

काही वर्षांनी तुमचं पोट दुखायला लागलं. शहापूरच्या डॉक्टरांनी गॅसच्या गोळ्या दिल्या. मग उजवं मनगट खाली लोंबायला लागलं. चहाची कपबशी उचलताना डाव्या हाताने त्याला आधार देत तुम्ही म्हणायचात, "हात रुसलाय माज्यावर," आणि आम्ही हसायचो. पुढच्या पावसात भाताच्या आवणीला तुम्ही बांधावर बसून राहिलात, तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. त्याच सुमारास ओढ्याचं पाणी पिऊन गुरं मेली म्हणून गावाने शेड बंद पाडली. मालक सामान ट्रकमध्ये भरून निघून गेला. तोवर तुमच्या किडन्या बिघडल्या होत्या, आणि पुढचा पावसाळा तुम्ही पाहिला नाहीत. शिसं हा शब्द आपल्या घरात कुणी उच्चारला नाही. मी तो कॉलेजच्या पुस्तकात वाचला, लक्षणांसकट. पोटात कळा, लोंबणारं मनगट. पुस्तक मिटून मी कॅन्टीनमध्ये जाऊन बसले. तरीही तुम्ही त्यानेच गेलात असं मी आज शपथेवर सांगू शकत नाही, कारण तुमचं रक्त त्यासाठी कुणी तपासलंच नव्हतं. न मोजलेल्या गोष्टीपुढे आम्ही ऑफिसात "बहुधा" लिहितो. तुमच्यापुढेही मला तेवढंच लिहिता येतं.

या थंडीत मॅडमना घेऊन मी तिथे गेले. शेडच्या जागी आता कुणाच्या तरी फार्महाऊसचं कंपाउंड आहे. त्याच्या बाहेर, ओढ्याच्या काठाने आम्ही माती खणून पिशव्यांत भरत होतो, तेव्हा रस्त्यावरून एक म्हातारे काठी टेकत आले आणि मला बघून थांबले. तुमच्याबरोबर बॅटऱ्या फोडणारे काका. त्यांनीच मला आधी ओळखलं.

"माती कशाला नेता गो?"

"तपासायला, काका. भट्टीच्या धुरातलं काय काय खाली पडलंय ते बघायचंय."

"त्याला किती वर्सं झाली! आता काय भेटनार?" मग काठीवर रेलून ते म्हणाले, "तुजा बापूस येडा व्हता. गूळ खायाचा नाय."

"म्हणजे?"

"मानशी एकच खडा भेटायचा. आमी तोंडात टाकायचो, ह्यो रुमालात बांधायचा. आमी बोलायचो, अरे खा, नायतर धूर बसंल आत. तर बोलायचा, माजी पोर आली व्हती ना हितं, तिच्या पोटात गेला आसंल धूर. तिला पायजे."

"पण मी एकाच दिवशी आले होते, काका."

"आमी पन तेच बोललो. तर बोलला, कोनाला म्हाईत, आत गेलेला किती दिवस राहातो."

मी पिशवीच्या तोंडाला दोरा बांधत होते, तो कितीतरी वेळ बांधतच राहिले. मॅडम दुसरीकडे खणायला गेल्या.

गुळाने शिसं अडत नाही, आबा. उलट तुमच्या खिशातली शिशाची भुकटी त्याला लागून रोज माझ्या तोंडात जात असणार. राग येतो का, म्हणून मी स्वतःला विचारून बघितलं. नाही येत. विचारावंसं मात्र खूप वाटतं. तुम्ही स्वतःसाठी अर्धासुद्धा मोडून ठेवला नाहीत का? धूर आत राहतो अशी शंका तुम्हाला कशावरून आली, स्वतःच्या पोटावरून? काकांना वाटलं होतं काही मिळणार नाही, पण मातीच्या वरच्या थरात शिसं अजून आहे. जे तिथे पडलं नाही ते वाऱ्याबरोबर गेलं. आपल्याकडे थंडीत दुपारी वारा समुद्राकडून डोंगराकडे येतो आणि रात्री उलटा फिरतो, म्हणजे तुमच्या भट्टीचा थोडाफार धूर भातसा नदीच्या खोऱ्यातून, खाडीवरून पार समुद्रावर पोचला असणार. आमच्या तक्त्यात तो आजवर "इतर" या रकान्यात होता. आता छोट्या भट्ट्यांना स्वतंत्र रकाना मिळालाय. हसलेला सहकारी अशाच दोन-तीन जागा बघून आला, आणि त्या रकान्यातले आकडे आता तोच भरतो.

शिसं हाडांत दडून बसतं आणि उतारवयात हळूहळू रक्तात उतरतं. तुमचे शर्ट आई नदीवर हातांनी धुवायची. म्हणून मी माझं आणि तिचं, दोघींचं रक्त तपासून घेतलं. माझं ठीक निघालं, तिचं थोडं जास्त. औषधाची गरज नाही, दूध, नाचणी, पालेभाजी खाऊ दे, सहा महिन्यांनी परत बघू, असं डॉक्टर म्हणाले. हे तिला सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार, तुमचंही. निदान हे पत्र तिला वाचून दाखवावं म्हणून मी लिहायला बसले होते, पण तेही माझ्याच्याने होणार नाही असं दिसतं. तपासणीला नेताना मी तिला म्हटलं होतं, साखर बघायचीय. रिपोर्ट आला तेव्हा तिने विचारलं, "किती हाय?" आणि मी बोलून गेले, "थोडी जास्त आहे." तेव्हापासून ती बिनसाखरेचा चहा पितेय. रोज सकाळी पहिल्या घोटाला तोंड वाकडं करते, आणि मी समोर बसून तिच्यापुढे नाचणीची भाकरी सरकवते.