चार प्रार्थना आणि एक टेपरेकॉर्डर

प्रेरी लोरिये, लुइझियाना
५ ऑक्टोबर १९८६

चि. अल्सीद यास,
अ. आ. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तुझ्या बायकोने, डोरिसने पाठवलेला मफलरही पोचला. रंग भडक आहे, पण घालते, इथे तसंही मला कोण बघतंय! गावात नवीन काय म्हणून विचारलं होतंस, तर गावात सांस्कृतिक केंद्र होणार आहे. आपली फ्रेंच भाषा, आपलं गाणं-खाणं, आपली जुनी माणसं, सगळं जपून ठेवायचं आहे म्हणे. त्यातली काही माणसं अजून हिंडती-फिरती आहेत, हे समितीच्या बहुधा लक्षात आलेलं नाही.

जागा म्हणजे भाताची ती बंद पडलेली गिरणी. मालकाच्या मुलांनी ती गावाला देऊन टाकली आणि त्याच दिवशी गावाचे दोन गट झाले. एक दर मंगळवारी जमणाऱ्या बायकांचा, आनाईस विद्रीनच्या हाताखाली. दुसरा मार्दी ग्राच्या सणाला घरोघर फिरणाऱ्या घोडेस्वारांचा, त्यांचा कप्तान ओझेमे दूसे. आनाईसला मोठं स्वयंपाकघर हवं, ओझेमेला नाचायला मोठी फरशी. पहिली सभा दोन तास चालली, त्यातला एक तास गम्बोच्या रश्श्यात भेंडी घालावी की नाही यावर गेला. तो विषय कुणी काढला ते अजून कळलेलं नाही. मी मागच्या बाकावर बसून मोजा विणत होते, टाच पूर्ण झाली.

समितीची चिटणीस आहे आनाईसची नात रेनेल. लाफायेतला वाढली, तिथेच कॉलेज केलं आणि आता आजीकडे राहायला आली आहे. गोड मुलगी आहे, पण बोलते ती धावत. तिच्या मनात एक खोली आपल्याकडच्या उपचार करणाऱ्यांची करायची आहे. पंचक्रोशीत आता मी एकटीच उरले, म्हणून माझी खुर्ची, माझा फोटो, आणि टेपरेकॉर्डरवर माझ्या प्रार्थना. दात, चामखीळ, ऊन लागणं आणि सांधे, चारही. बटण दाबलं की ऐकू येणार. मी तिला म्हटलं, बघू.

तुला ठाऊकच आहे, प्रार्थना पुरुषाकडून बाईला आणि बाईकडून पुरुषाला जाते, तीही आपल्याहून लहान माणसाला. तेओफीलकाकांनी मला दिल्या तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते. एकदा दिल्या की देणाऱ्याकडे उरत नाहीत. आणि कुणी मागितल्याशिवाय देताही येत नाहीत. हे आपलं सहज लिहिते आहे, पत्राला मजकूर हवा म्हणून. पण मी त्र्याहत्तर वर्षांची झाले, आणि माझ्यानंतर हे कुठे जाणार याची मला खरोखर काळजी लागली आहे. गावातली पोरं चामखीळ आली की येतात आणि ती गेली की जातात.

डोरिसला आशीर्वाद सांग. लोभ आहे तेवढा राहू दे, वयोमानाने कमी करू नकोस.

तुझी ताई,
ओदील


पोर्ट आर्थर, टेक्सस
१९ ऑक्टोबर १९८६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्राला मजकूर हवा म्हणून! ताई, तू चाळीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढलीस आणि पोरांना न मागता दुसऱ्यांदा वाढलंस. आता मात्र कुणीतरी मागावं म्हणून दीड पान खर्च केलंस. तू मारलेला डोळा मला इथे टेक्ससमध्ये दिसला. डोरिसलाही दिसला, आणि तिला तर आपली भाषा येत नाही.

माझं उत्तर तेच जुनं आहे. मी रिफायनरीतला माणूस. पस्तीस वर्षं यंत्रावरचा काटा कुठे आहे ते बघायचं आणि मग विश्वास ठेवायचा, अशी सवय झाली. शिवाय खरं सांगायचं तर गरम जेवण म्हणजे काय ते मला लग्नानंतर कळलं. काका जेवायला बसले की दार वाजलंच. नाही म्हणायची सोय नाही, वैऱ्यालाही नाही. सगळं घर ताटावर हात ठेवून त्यांची वाट बघत बसायचं. आता मी निवृत्त झालो आहे आणि रोज गरम खातो.

त्यापेक्षा त्या मुलीचं टेपचं डोकं मला पटतं. यंत्राला भूक नाही. सांगून टाक आणि मोकळी हो. दोन्ही मुली मजेत आहेत, धाकटीने नवी गाडी घेतली. आणि भेंडी घालावी असं माझं मत, पण ओझेमेला ते कळू देऊ नकोस, त्याच्या अंगणात मी लहानपणी फार मार खाल्ला आहे.

रागावू नकोस, आणि रागावलीस तरी पत्र पाठव.

तुझा भाऊ,
अल्सीद


प्रेरी लोरिये
२३ नोव्हेंबर १९८६

चि. अल्सीद यास,
अ. आ. वि. वि.

रागवायला मला सवड नव्हती. इथे जे घडलं ते ऐकशील तर गरम जेवण घशात अडकेल.

ओझेमेच्या बोटावर चामखीळ आली होती, अकॉर्डियन वाजवायच्या नेमक्या बोटावर. त्याने येऊन मागितलं, मी केलं, आणि ती सुकत चालली होती. एवढ्यात चर्चच्या हॉलमध्ये समितीची सभा भरली. रेनेल उभी राहिली, कागद उघडला आणि ठराव वाचू लागली की ओदील फ्रूजे यांनी अठ्ठेचाळीस वर्षं केलेल्या उपचारांबद्दल हे गाव त्यांचे अंतःकरणपूर्वक आभार मानत आहे. वर पितळेची पाटीसुद्धा करून आणलेली, त्यावरही आभार, मोठ्या अक्षरांत.

उपचार करणाऱ्याचे आभार मानायचे नसतात, मानले की केलेलं फिरतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण रेनेल वाढली शहरात आणि आपल्याबद्दल वाचलं ते पुस्तकांत. आनाईस तिचा झगा मागून ओढत होती, पोरीला वाटलं आजी कौतुक करते आहे, तिने आवाज आणखी चढवला. म्हातारी मंडळी जागच्या जागी थिजली. ओझेमेने हळूच हात खिशात घातला. आमचा वारसा जपायची समिती पहिल्याच ठरावात आमच्या वारशावर पाय देऊन उभी राहिली.

आठ दिवसांत चामखीळ परत आली, वाटाण्याएवढी. घोडेस्वार म्हणू लागले की हा बायकांचाच डाव. ओझेमेला वाजवता येऊ नये म्हणजे नाचाची फरशी आपोआप लहान होईल. रेनेल रडत माझ्या दाराशी आली. मी कॉफी केली, तिला सगळं समजावून सांगितलं. जाताना ती कॉफीबद्दल आभार मानायला निघाली आणि अर्ध्या शब्दावर तोंडावर हात ठेवून उभी राहिली. तिला म्हटलं, बाळा, कॉफीला चालतं. ओझेमेने पुन्हा मागितलं, मी पुन्हा केलं.

आता जे लिहिते आहे ते हसण्यावारी नेऊ नकोस. मी टेपला होकार दिला आहे. एकदा प्रार्थना सगळ्यांच्या कानावर गेल्या की त्यांच्यात काही राहत नाही, नुसते शब्द राहतात, विझल्या चुलीपाशी वाचलेल्या पाककृतीसारखे. मला ते कळतं. पण शब्दही माझ्याबरोबर मातीत जाण्यापेक्षा हे बरं. माणसांपैकी कुणी मागितलं नाही, त्या यंत्राने तरी मागितलं.

थंडी वाढली आहे, छाती जप. माझ्यावर माया ठेव, मत वेगळं ठेवलंस तरी चालेल.

तुझी ताई,
ओदील


प्रेरी लोरिये
१४ डिसेंबर १९८६

आदरणीय अल्सीदकाका यांस,
सा. न. वि. वि.

आपली ओळख नाही. ठरावाचा घोटाळा करणारी रेनेल विद्रीन ती मीच, म्हणजे ओळख झालीच असेल.

ओदीलमावशींच्या प्रार्थना दहा जानेवारीला, शनिवारी सकाळी दहा वाजता त्यांच्या घरी टेप करायच्या ठरल्या आहेत. काल मी आवाज तपासायला यंत्र घेऊन गेले होते. त्यांनी वाणसामानाची यादी खणखणीत म्हणून दाखवली. मग विचारलं, हे किती लोक ऐकतील. मी म्हटलं, बटण दाबेल तो प्रत्येक जण. त्यांनी विचारलं, ते आजारी असतील का. मी म्हटलं, नाही, बहुतेक शाळेच्या सहली असतील.  त्यांनी यंत्र बंद करायला सांगितलं आणि मला पोटभर राजमा-भात वाढला.

काका, मला त्या टेप करायच्या नाहीत. पण कल्पना माझीच, ठराव माझाच, आणि नाही केल्या तर सगळंच जाईल. मी स्वतः मागून पाहिलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, तू मुलगी, मला बाईला देता येत नाही. आमची आजी म्हणते, हे निस्तरू शकेल असा एकच माणूस आहे, आणि तो टेक्ससमध्ये बसून गरम जेवतो आहे. जेवणाचं तिला कसं कळलं ते मला माहीत नाही.

लहान तोंडी मोठा घास घेतला असेल तर माफ करा, आणि मावशींना सांगू नका.

आपली नम्र,
रेनेल


पोर्ट आर्थर
२८ डिसेंबर १९८६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नाताळ बरा गेला. दोन्ही मुली आल्या होत्या, डोरिसने टर्की करपवली, सगळ्यांनी कौतुक करून खाल्ली. हे एवढं लिहून मी दोन दिवस पेन खाली ठेवलं होतं.

काट्याची गोष्ट खोटी आहे, ताई. जेवणाचीही खोटीच. मी नऊ वर्षांचा होतो तेव्हा आर्दवाँच्या मळ्यावरची लहान मुलगी उन्हाने पडली होती आणि काकांना बोलावणं आलं होतं. संध्याकाळी ते परतले तेव्हा मी कुंपणापाशी उभा होतो. मुलगी गेली होती. काका माझ्यासमोरून गेले, मी त्यांना दिसलो नाही. त्यांचा तो चेहरा मला आजही दिसतो. लोक केवढ्या आशेने आले, आणि आपल्या हातून झालं नाही. मी तेव्हाच ठरवलं की हे आपल्याला नको. बाविसाव्या वर्षी टेक्ससला आलो तो पगारासाठी, असं सगळ्यांना सांगितलं. पगारासाठीही आलो. पण मला भीती वाटते, आजही वाटते. एकसष्टाव्या वर्षी हे बहिणीला लिहायला लाज वाटते आहे.

तुझ्या मनात मी होतो तसाच राहू दे.

तुझा,
अल्सीद


प्रेरी लोरिये
२ जानेवारी १९८७

चि. अल्सीद यास,
अ. आ.

तो चेहरा माझ्या वाट्याला चारदा आला. तू टेक्ससला होतास म्हणून तुला दिसला नाही, आणि मी पत्रांत हवापाणी लिहीत राहिले. चौघांचीही नावं मला पाठ आहेत.

तू कुंपणापाशीच थांबलास, म्हणून पुढचं तुला माहीत नाही. काका घरात आले, हात धुतले. स्वयंपाकघरात एक बाई दात येणारं पोर घेऊन दुपारपासून बसली होती. काकांनी त्या पोराला मांडीवर घेतलं. मी तिथेच होते. चेहरा तोच होता, पण पोर झोपलं. भीती गेल्यावरच मागावं असा नियम मी तरी काकांकडून ऐकलेला नाही.

रेनेल शनिवारी दहाला येणार आहे. जास्त काही लिहीत नाही. डोरिसला म्हणावं, टर्कीला लोणी चोळत जा.

तुझीच,
ताई


(कार्ड)
पोर्ट आर्थर, ६ जानेवारी

ती. ताईस सा. न.

शनिवारी नऊला पोचतो. मागायला येतो आहे. यंत्राला सांग, माझा नंबर त्याच्या आधी आहे. डोरिस सोबत आहे, तिला बाहेर कॉफी दे.

अल्सीद


प्रेरी लोरिये
८ फेब्रुवारी १९८७

चि. अल्सीद यास,
अ. आ. वि. वि.

तू गेल्यापासून लिहीन लिहीन म्हणते आहे. त्या दिवशी तुम्ही निघालात आणि पाच मिनिटांत रेनेल यंत्र घेऊन हजर. मी सांगितलं की माझ्याकडे आता टेप करण्यासारखं काही नाही. ती पायरीवर बसली आणि हसत सुटली, मग रडली, मग सभेत काय सांगायचं म्हणून घाबरली. सभेत आनाईस आणि ओझेमे जन्मात पहिल्यांदा एका बाजूने बोलले. खोली राहणार. तिथे माझी खुर्ची, आणि भिंतीवर एक पाटी: दात, चामखीळ, ऊन, सांधे, अल्सीद फ्रूजे, आणि तुझा फोन नंबर. खाली आभार मानू नयेत असं ओझेमेने स्वतः लिहवून घेतलं. स्वयंपाकघर आणि फरशी यांच्यात भिंतच घालायची नाही असं ठरलं. गम्बोची भांडी मात्र दोन.

गेल्या सोमवारी फोंतनोंची सून दात येणाऱ्या बाळाला घेऊन आली. माझा हात आपसूक पुढे गेला आणि तसाच राहिला. काही नव्हतं त्यात. पूर्ण नाव कळलं की लांबूनही करता येतं, म्हणून मी तिला तुझा नंबर लावून दिला आणि मोरीपाशी नळ बंद करून ऐकत उभी राहिले. तू बाळाचं पूर्ण नाव विचारलंस, ते बरोबर. मग प्रार्थना मनातल्या मनात म्हणायला गप्प झालास, तेही बरोबर. बाळ घरी पोचण्याआधीच झोपलं असा तिचा निरोप आला. ती गेल्यावर मी खूप रडले. अठ्ठेचाळीस वर्षं जे माझ्यात होतं ते गेलं, त्याचं वाईट वाटलं. ते तुझ्या आवाजात ऐकलं, त्याचा आनंद झाला. दोन्ही एकदमच आलं.

अजून एक आहे, ते आजवर कुणाला सांगितलं नाही. शाळेतली मोठी पातेली उचलून माझा डावा खांदा गेला त्याला वीस वर्षं झाली. थंडीत हात डोक्यापर्यंत जात नाही. उपचार करणाऱ्याला स्वतःवर काही करता येत नाही, आणि इथे दुसरं कुणी नव्हतंच. सगळे माझ्या दाराशी आले, मला जायला दारच नव्हतं.

तर पूर्ण नाव लिहून घे. ओदील मारी फ्रूजे, लिओन्स आणि क्लेओफा यांची थोरली. डावा खांदा. अल्सीद, मी मागते आहे.

तुझी ताई,
ओदील