खालची पानं

१९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

खूप खूप नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? औषध वेळेवर घेतेस की बाटली कपाटात शोभेला ठेवली आहेस? इकडे सगळं ठीक. आमच्या वनस्पती संग्रहालयाला नवा हिरवा रंग दिलाय, इतका भडक की वाळलेल्या पानांनाही लाज वाटावी. मी अजून त्याच खोलीत बसून जाड कागदावर झाडं चिकटवते.

हे फोनवर बोलणार होते. दोनदा फोन केला आणि दोन्ही वेळा हवापाण्याच्या गप्पा मारून ठेवला. म्हणून पत्र.

भाऊजींनी जंगलातून आमच्या संग्रहालयासाठी शेवटी पाठवलेली ती रानवेल तुला आठवणार नाही. त्यांच्या झाडांकडे तू कधी ढुंकून पाहिलं नाहीस. तसं ते काटेरी झुडूपच, पण दुसऱ्या झाडांच्या अंगाखांद्यावर चढून वीस-पंचवीस हात वर जातं. काटे मागे वळलेले, त्यांच्याच आधाराने चढतं. कपड्यात अडकले की माणसाला पुढे जाता येत नाही की मागे. पानं खालून पांढरट, लोकरीसारखी. फळ म्हणजे बारीक लाल मण्यांचा गुच्छ. याच्या सगळ्या जाती इतक्या सारख्या दिसतात की नुसत्या फुलांच्या फांदीवरून ओळख पटत नाही. खाली खोडावरची मोठी पानंही लागतात. भाऊजींच्या गठ्ठ्यात फुलांची फांदी होती, खालची पानं नव्हती.

मी त्यांना चिठ्ठी लिहिली, "नमुना अपुरा आहे. खालची पानं आणावीत."

ताई, त्या रविवारी भाऊजी माझ्या चिठ्ठीमुळे डोंगरावर गेले. तुला म्हणाले, "माझंच काम राहिलंय." तू माझ्यावर तोंडसुख घेशील हे त्यांना माहीत होतं. आदल्या दिवशी मला हसत म्हणाले होते, "मेहुणीबाई, तुमच्या बहिणीला सांगू नका हं, नाहीतर आपली दोघांची खैर नाही." मी नाही सांगितलं. ते कड्यावरून पडले, गेले, त्यानंतरही नाही.

सव्वा वर्ष तू म्हणते आहेस, "मीच म्हणाले ना, जा, तिकडेच राहा. माझ्याच तोंडून निघालं." मी शेजारी बसून, तुझ्या पाठीवर हात फिरवत ते ऐकलं. त्यांच्या हातांवरचे ओरखडे बघून तू विचारलंस, हे कशाचे? मी म्हटलं, पडताना दगड लागले असतील. ते त्या वेलीच्या काट्यांचे होते. मला बघताक्षणी कळलं होतं.

एवढंच असतं तर कदाचित आजही गप्प बसले असते. मी भित्री आहे, तुला ठाऊक आहे. पण रंगासाठी कपाटं हलवली तेव्हा मागे भाऊजींचा अजून एक गठ्ठा सापडला. मोठी वेल एका वर्तमानपत्रात मावत नाही, म्हणून तुकडे करून वेगवेगळ्या कागदांत दाबतात आणि सगळ्यांना एकच क्रमांक देतात. त्या गठ्ठ्यात खोडाचा तुकडा होता. मोठी पानं, तोच क्रमांक, त्यांचं तिरकं अक्षर. त्यांनी ती पहिल्याच खेपेला पाठवली होती. दोन गठ्ठे आले होते, मी एकच उघडला. दुसरा कपाटावर टाकला, तो मागे पडला आणि मी विसरले.

ओळख पटली आता. नेहमीचीच जात निघाली. आमच्याकडे तिचे चाळीस नमुने आहेत.

मला काय वाटेल ते बोल. दार उघडलं नाहीस तरी चालेल. मला स्वतःचीच किळस येते, तुला आली तर नवल नाही. पण अजून एक राहिलं आहे. त्या सकाळी त्यांनी बसथांब्यावरून मला फोन केला होता. चिडलेले अजिबात नव्हते. म्हणाले, "आज ती फार रागावली आहे. चूक माझीच आहे, रविवार घरी घालवायचा शब्द दिला होता. पानं मिळाली की लगेच परततो आणि तिची समजूत काढतो."

हे तुझ्यासाठी होतं, ताई. सव्वा वर्ष मी ते माझ्याकडे ठेवून घेतलं.

तुझी, म्हणू दिलंस तर,
धाकटी